विश्लेषण : घोड्याच्या घशातील लकवा कमी चिरफाडीत बरा होईल?

पहाटेच्या सरावात थरोब्रेड घोडा वेग घेतो आणि काही अंतर कापल्यावर श्वास आत घेताना त्याच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. वेग वाढतो तसा तो आवाज घरघरीत बदलतो. पाय धडधाकट, हृदय निरोगी, खाणेपिणे उत्तम. तरीही शेवटच्या टप्प्यात घोडा हमखास मागे पडतो. इंग्रजीत या आवाजावरूनच आजाराला ‘रोअरिंग’ म्हणतात. स्वरयंत्राची एक बाजू लुळी पडणे हे त्याचे कारण. गेली पन्नासहून अधिक वर्षे त्यावर एकच प्रमुख शस्त्रक्रिया केली जाते. ती श्वासाची वाट मोकळी करते, पण त्याची किंमत घोड्याला घास गिळताना मोजावी लागू शकते. म्हणूनच भूल न देता, कमी चिरफाड करून आणि गिळण्याला धक्का न लावता हा लकवा दूर करता येईल का, याचा शोध पशुवैद्यक घेत आहेत.

आजार नेमका काय?

स्वरयंत्र म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडावरचे दार. त्याला डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन झडपा असतात. ‘अ‍ॅरिटिनॉइड’ नावाच्या कूर्चांच्या त्या बनलेल्या असतात. या दाराला दोन कामे करावी लागतात. श्वास घेताना ते उघडायचे आणि घास गिळताना घट्ट मिटायचे, म्हणजे अन्नाचा कण फुप्फुसात जात नाही. मिटण्याच्या कामाला अनेक स्नायू मदत करतात. उघडण्याचे काम मात्र प्रत्येक बाजूला एकच स्नायू करतो. त्याला आज्ञा पोहोचवणारा मज्जातंतू निकामी झाला की स्नायू सुकत जातो आणि त्या बाजूची झडप अर्धवट मिटलेलीच राहते.

माणूस धापा टाकताना तोंडानेही श्वास घेतो. घोड्याला ती सोय नाही. त्याच्या घशाची रचना अशी की तो फक्त नाकानेच श्वास घेऊ शकतो. उभ्या असलेल्या घोड्याला मिनिटाला दहा-बारा श्वास पुरतात. भरधाव पळताना मात्र प्रत्येक झेपेबरोबर एक श्वास होतो. म्हणजे मिनिटाला शंभराहून अधिक श्वास आणि दीड हजार लिटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त हवा. एवढी हवा जोराने आत खेचली जाते तेव्हा लुळी झडप त्या ओढीने आणखी आत कोसळते. ज्या क्षणी हवा सर्वाधिक हवी असते, नेमकी त्याच क्षणी वाट सर्वात अरुंद होते. म्हणूनच तबेल्यात उभा असताना हा घोडा अगदी ठणठणीत वाटतो.

डावीच बाजू का लुळी पडते?

या आजाराच्या बहुतांश घोड्यांमध्ये डावी बाजूच निकामी झालेली आढळते. त्याचे उत्तर मज्जातंतूच्या विचित्र मार्गात आहे. स्वरयंत्राला आज्ञा देणारा तंतू मेंदूकडून निघतो, पण वाटेतल्या स्वरयंत्राकडे थेट वळत नाही. डाव्या बाजूचा तंतू मानेतून खाली छातीत उतरतो, हृदयाजवळ महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा मानेतून वर चढून स्वरयंत्राशी पोहोचतो. उजव्या बाजूचा तंतू छातीच्या तोंडाशीच माघारी फिरतो, त्यामुळे तो आखूड असतो. उंच घोड्यात डाव्या तंतूचा हा सगळा प्रवास अडीच मीटरच्या घरात जातो. घोड्याच्या शरीरातील सर्वात लांब मज्जातंतूंमध्ये त्याची गणना होते.

असा लांब तंतू टोकाकडून मरत येतो. मूळ पेशी मेंदूत जिवंत असते, पण तिच्यापासून सर्वात दूर असलेल्या टोकाला लागणारी रसद पुरेशी पोहोचत नसावी, असे मानले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली उजव्या तंतूतही बदल दिसतात, पण ते सौम्य असतात. मानेतील शिरेबाहेर पडलेले इंजेक्शन, घशातील संसर्ग, विषबाधा अशीही कारणे असू शकतात. मात्र बहुसंख्य घोड्यांत असे कोणतेही बाहेरचे कारण सापडत नाही.

उंच घोड्यांनाच त्रास जास्त का?

तंतूची लांबी हे कारण असेल तर उंच, लांब मानेच्या घोड्यांत आजार जास्त आढळायला हवा, आणि तसेच दिसते. ओझी ओढणाऱ्या अवाढव्य युरोपीय जातींमध्ये त्याचे प्रमाण मोठे आहे. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांतही तो नेहमी आढळतो. लहान चणीच्या तट्टांमध्ये तो क्वचितच दिसतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात थरोब्रेडमधील या आजाराचा संबंध उंची ठरवणाऱ्या जनुकीय भागाशी जोडला गेला. याचा अर्थ सरळ आहे. उंच, लांब ढांगेचे घोडे पसंत करत गेल्यामुळे कळत-नकळत या आजाराचा धोकाही पुढच्या पिढ्यांकडे जात राहिला.

हा प्रश्न फक्त युरोप-अमेरिकेचा नाही. जगभरातील थरोब्रेड एकाच बंदिस्त वंशावळीतून आले आहेत. मुंबईच्या महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर धावणारे घोडे आणि पुणे परिसरातील स्टड फार्मवर जन्मणारी शिंगरे याच वंशावळीतली. त्यामुळे श्वासाचा हा दोष इथल्या मालक-प्रशिक्षकांनाही चुकत नाही.

निदान कसे होते?

नाकपुडीतून दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहणे ही मूळ तपासणी. उभ्या घोड्याच्या झडपा किती आणि किती समान उघडतात, यावरून चार श्रेणी ठरवल्या जातात. पहिल्या श्रेणीत दोन्ही बाजू सारख्या हलतात, चौथ्या श्रेणीत एक बाजू अजिबात हलत नाही. अडचण येते ती तिसऱ्या श्रेणीत. इथे झडप हलते, पण पूर्ण उघडत नाही. असा घोडा पळताना तग धरेल की नाही, हे उभ्याने सांगता येत नाही.

पूर्वी त्यासाठी घोड्याला मोठ्या ट्रेडमिलवर पळवावे लागे. आता लगामाला आणि खोगिराला बसवता येणारी बिनतारी दुर्बीण आली आहे. घोडा नेहमीच्या मैदानावर, नेहमीच्या स्वारासह पळतो आणि त्याचे स्वरयंत्र पडद्यावर दिसते. सोनोग्राफीने स्नायू किती सुकला आहे याचाही अंदाज बाहेरूनच घेता येतो. चिरफाड टाळण्याची सुरुवात अशी निदानापासून झाली. कारण आवाज करणाऱ्या प्रत्येक घोड्याला हाच आजार नसतो. टाळूचा मऊ भाग सरकणे किंवा घशातील इतर पडदे आत ओढले जाणे ही कारणेही असू शकतात. निदान चुकले, तर नको ती शस्त्रक्रिया होते.

‘टाय-बॅक’मध्ये काय करतात?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश पशुवैद्य फ्रेडरिक हॉबडे यांनी स्वरतंतूलगतचा कप्पा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. इंग्रजीत आजही अशा घोड्याला ‘हॉबडे केलेला’ म्हणतात. या शस्त्रक्रियेने आवाज कमी होतो, पण लुळी झडप जागच्या जागीच राहते.

१९७० मध्ये अमेरिकी पशुवैद्यांनी ‘टाय-बॅक’ शस्त्रक्रिया मांडली. मानेच्या बाजूने छेद घेऊन लुळ्या कूर्चेतून मजबूत धागा ओवायचा आणि तो मागच्या ‘क्रिकॉइड’ कूर्चेला ताणून बांधायचा. सुकलेल्या स्नायूचे काम धागा करतो. एखादे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दोरीने भिंतीला बांधून ठेवावे, तसाच हा प्रकार. शर्यतीच्या आणि इतर दमछाक करणाऱ्या खेळांच्या घोड्यांसाठी आजही हाच मुख्य उपचार आहे आणि अनेक घोडे त्यानंतर पुन्हा धावतात.

पण बांधलेले दार मिटत नाही. घास गिळताना ती बाजू उघडीच राहते. मग दाणा-पाण्याचे कण श्वासनलिकेत उतरू शकतात. काही घोड्यांना खाताना खोकला लागतो, काहींमध्ये तो कायमचा राहतो, तर क्वचित न्यूमोनिया होतो. झडप जितकी जास्त ताणावी तितका हा धोका वाढतो. ती कमी ताणली तर श्वास पुरत नाही. शिवाय दर श्वासाला आणि दर घासाला धाग्यावर ताण येतो. तरुण घोड्याच्या मऊ कूर्चेत तो रुतत जातो आणि झडप हळूहळू पुन्हा आत येते. ही घसरण बहुतेक वेळा पहिल्या सहा आठवड्यांत होते.

भूल देण्याचा धोका किती?

ही शस्त्रक्रिया पूर्वापार पूर्ण भूल देऊन, घोड्याला आडवे करून केली जाते. पाचशे किलोचे जनावर आडवे पडते तेव्हा त्याच्या फुप्फुसांवर आणि स्नायूंवर स्वतःच्याच वजनाचा दाब येतो. भूल उतरताना घाबरून, लडखडत उठण्याच्या धडपडीत पाय मोडण्याचे प्रसंगही घडतात.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत सुमारे ४२ हजार वेळा दिलेल्या भुलीची नोंद तपासली गेली. त्यात सात दिवसांच्या आत दगावलेल्या घोड्यांचे प्रमाण १.९ टक्के होते. पोटशूळाच्या तातडीच्या शस्त्रक्रिया वगळल्या तरी ते ०.९ टक्के, म्हणजे शंभरात जवळपास एक होते. त्यानंतर भुलीची औषधे आणि देखरेख सुधारली आहे. तरीही माणसांच्या तुलनेत घोड्याला भूल देणे कितीतरी अधिक जोखमीचे आहे. जिवावरचे दुखणे नसताना, केवळ पळण्याची क्षमता परत मिळवण्यासाठी ही जोखीम घ्यायची का, हा मालकांपुढचा खरा पेच असतो.

उभ्या घोड्यावर शस्त्रक्रिया कशी होते?

फ्रान्समधील पशुवैद्य फॅब्रिस रॉसिन्योल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये उभ्या घोड्यावर ‘टाय-बॅक’ करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जनावरांच्या दवाखान्यात असतो तशा खोड्यात घोडा उभा करतात. त्याला गुंगीचे औषध देतात, मान आधारावर टेकवतात आणि छेदाची जागा स्थानिक इंजेक्शनने बधिर करतात. नाकातून घातलेल्या दुर्बिणीतून स्वरयंत्र सतत पडद्यावर दिसत असते.

फायदा केवळ भूल टळण्याचा नाही. आडव्या, बेशुद्ध घोड्यात स्वरयंत्र नैसर्गिक स्थितीत नसते आणि नळीमुळे नीट दिसतही नाही. उभ्या घोड्यात धागा ओढताच झडप किती सरकली हे तिथल्या तिथे कळते. घोडा गिळतो तेव्हा ताण कसा बदलतो, तेही दिसते. त्यामुळे पुरेसा श्वास आणि सुरक्षित घास यांचा मध्य शोधणे सोपे जाते. छेदाची जागा हृदयापेक्षा उंच राहिल्याने रक्तस्रावही कमी होतो.

मर्यादाही आहेत. घोडा मध्येच मान हलवतो, गिळतो, खोकतो. बुजऱ्या किंवा तापट घोड्यावर ही पद्धत वापरणे कठीण असते आणि शल्यविशारदाचा हात सराईत असावा लागतो.

लेझरची पद्धत याहूनही सौम्य आहे. उभ्या घोड्याच्या नाकपुडीतून दुर्बिणीबरोबर लेझरचा तंतू आत नेऊन लुळ्या बाजूचा स्वरतंतू आणि त्यालगतचा कप्पा काढला जातो. बाहेरून एकही छेद लागत नाही. पण हा हॉबडे यांच्याच कल्पनेचा नवा अवतार आहे. आवाज बराच कमी होतो, वाटही थोडी रुंदावते, मात्र कूर्चा लुळीच राहते. रपेट, प्रदर्शन किंवा हलक्या कामाच्या घोड्याला एवढे पुरते. भरधाव शर्यतीत ते अपुरे पडू शकते.

नवा मज्जातंतू जोडता येतो का?

धागा कितीही कौशल्याने बांधला तरी तो दार बांधूनच ठेवतो. दाराला पुन्हा उघडता-मिटता यावे, हे मूळ दुखण्यावरचे उत्तर. त्यासाठी सुकत चाललेल्या स्नायूला दुसऱ्या निरोगी मज्जातंतूची जोड देण्याचा प्रयत्न सुरू झाला. इयान फुल्टन यांनी १९९० च्या दशकात मज्जातंतूसह स्नायूचा छोटा तुकडा स्वरयंत्राच्या स्नायूत रोवण्याची पद्धत विकसित केली. २०१८ मध्ये रॉसिन्योल यांच्या गटाने मानेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मज्जातंतूची टोके थेट त्या स्नायूत रोवण्याची सुधारित पद्धत मांडली.

मानेचाच मज्जातंतू निवडण्यामागे दोन कारणे आहेत. एक, पहिला तंतू कवटीच्या लगेच मागून निघतो, स्वरयंत्रापासून तो हाकेच्या अंतरावर असतो. छातीपर्यंतचा लांबचा फेरा त्याला नाही, त्यामुळे तो सहसा निरोगी राहतो. दुसरे, तो मानेतील ज्या स्नायूंना चालवतो ते घोडा जोरात पळताना श्वास घेण्याच्या वेळी आकुंचन पावतात. म्हणजे नव्या जोडीला नेमकी हवी त्या क्षणी आज्ञा मिळते. घोडा स्वस्थ उभा असताना स्वरयंत्र जवळपास पूर्वीसारखेच दिसते, पळताना मात्र झडप उघडते. गिळताना ती मिटू शकते. त्यामुळे ‘टाय-बॅक’नंतर दिसणारा खोकला आणि अन्नकण श्वासनलिकेत जाण्याचा धोका इथे बराच टळतो. ही शस्त्रक्रियाही उभ्या घोड्यावर करता येते.

यात किंमत मोजावी लागते ती वेळेची. रोवलेल्या तंतूला नवे फाटे फुटून ते स्नायूत पसरायला काही महिने लागतात. त्या काळात घोड्याला मोजका व्यायामही द्यावा लागतो, कारण आज्ञा पळतानाच मिळते. स्नायू पूर्ण सुकून तंतुमय झाला असेल तर नवा तंतू जोडूनही उपयोग नसतो. म्हणून ही पद्धत लवकर निदान झालेल्या, तरुण घोड्यासाठी योग्य. पुढच्या महिन्यातल्या शर्यतीवर डोळा असलेल्या मालकाला ती पटणे अवघड.

स्वरयंत्राला ‘पेसमेकर’ बसवता येईल?

हृदयाच्या पेसमेकरसारखे उपकरण बसवून विजेच्या सूक्ष्म झटक्याने झडप उघडणे हा तिसरा मार्ग. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातील नॉर्म ड्यूशार्म, जोनाथन चीथम आणि सहकाऱ्यांनी यावर काम केले. व्यायाम करणाऱ्या घोड्यांत स्वरयंत्राच्या स्नायूंना विद्युत उत्तेजन देण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. वेगाने पळतानाही विजेच्या संकेताने झडप उघडी ठेवता येते, हे तत्त्व त्यातून तपासले गेले.

पण या पद्धतीला स्नायूपर्यंत जाणारे काही मज्जातंतू जिवंत असावे लागतात. दर झेपेला हादरणाऱ्या मानेत तार जागेवर टिकवणे कठीण आणि स्नायू सतत उत्तेजनाने थकतो. शर्यतीत घोड्याच्या अंगात असे उपकरण चालू द्यायचे का, हा प्रश्न वेगळाच. त्यामुळे ही पद्धत अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही.

‘टाय-बॅक’ अधिक टिकाऊ करण्याचेही प्रयत्न झाले. कॉर्नेलच्याच गटाने २००८ मध्ये कूर्चांच्या सांध्यात हाडे जोडण्याचे सिमेंट टोचून झडप स्थिर करता येते का, हे प्रयोगशाळेत तपासले. धाग्यावरचा भार कमी करणे हा त्यामागचा हेतू होता.

याचा माणसांना उपयोग काय?

हाच वळसेदार मज्जातंतू माणसातही असतो. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत त्याला इजा झाली तर आवाज बसतो. दोन्ही बाजूंना इजा झाली तर स्वरतंतू मधोमध अडकून श्वासच कोंडतो. अशा रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागते किंवा लेझरने स्वरतंतूचा भाग कापून वाट रुंद करावी लागते. त्यात श्वास मिळतो, पण आवाज खालावतो. एक काम वाचवताना दुसरे गमावण्याचा पेच तोच.

म्हणून घोड्यातील संशोधनाकडे मानवी वैद्यकाचेही लक्ष असते. स्वरयंत्राच्या पेसमेकरच्या मानवी चाचणीचे निष्कर्ष जर्मनी आणि ऑस्ट्रियातील डॉक्टरांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. घोड्यात हा आजार आपसूक होतो आणि त्याचे स्वरयंत्र मोठे असल्याने उपकरणे व पद्धती तपासणे सोपे जाते.

मग घोड्यासाठी योग्य उपचार कोणता?

एकच उत्तर नाही. घोड्याचे वय, लकव्याची श्रेणी, स्नायूची स्थिती आणि त्याच्याकडून अपेक्षित काम यावर निवड ठरते. रपेटीच्या घोड्याला लेझर पुरेल. शर्यतीच्या घोड्याला तातडीने उभे करायचे तर ‘टाय-बॅक’, आणि तीही शक्यतो उभ्याने. तरुण घोड्याला सहा महिने देता येत असतील तर मज्जातंतूची जोड. काही घोड्यांसाठी मात्र शस्त्रक्रियाच न करता त्यांना शर्यतीतून काढून हलक्या कामाला लावणे हा सर्वात कमी त्रासाचा मार्ग असतो. कारण आरामात जगणाऱ्या घोड्याला या लकव्याचा फारसा जाच होत नाही.

उपचार सोपे होत गेले तसे काही प्रश्नही पुढे आले. ब्रिटनच्या घोडेशर्यत नियामक संस्थेने जानेवारी २०१८ पासून श्वासमार्गाच्या शस्त्रक्रिया जाहीर करणे बंधनकारक केले. शस्त्रक्रियेनंतर घोडा पहिल्यांदा धावतो तेव्हा शर्यतपत्रकात त्याच्या नावापुढे तशी खूण असते. पैसे लावणाऱ्याला माहिती मिळते. पण शस्त्रक्रियेने बरा झालेला विजेता घोडा पुढे प्रजननासाठी वापरला जातो, तेव्हा त्याची लांब मान आणि त्या मानेतला कमकुवत मज्जातंतू दोन्ही शिंगरांकडे जाऊ शकतात. दुर्बीण, लेझर आणि नवा मज्जातंतू एका घोड्याचा श्वास मोकळा करू शकतात. पुढच्या पिढीचा श्वास मात्र पैदाशीसाठी कोणता घोडा निवडला जातो, यावर ठरणार आहे.